काचेच्या कपाटातला कॉम्प्युटर

सोलापुरात घरांचे आराखडे करणारं एक ऑफिस होतं. मालक रणदिवे साहेबांनी तिथे पडद्यावरची चित्रं झरझर फिरवणारं महागडं ग्राफिक्स कार्ड आणून कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि कोणी चोरू नये म्हणून अख्खा कॉम्प्युटर काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. तेव्हापासून रोज काम सुरू केल्यावर वीस मिनिटांत पडद्यावरची इमारत फिरता फिरता अडखळू लागली. साहेबांनी दोष आराखडे करणाऱ्या कावेरीच्या माथी मारला आणि संध्याकाळपर्यंत राजीनामा मागितला. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं.

कावेरीने दुरुस्तीला बोलावलेले म्हातारे इरप्पा आले. त्यांनी काचेवर हात ठेवला. काच चांगलीच तापली होती.

“कार्ड तापून गुदमरतंय, साहेब. दार उघडा.”

“कार्ड नवंकोरं आहे. ही पोरगीच कामचुकार!”

इरप्पा सावकाश म्हणाले, “मग उद्या तुम्ही या कपाटात बसून काम करा. मी बाहेरून कुलूप लावतो. वीस मिनिटांनी तुमचा हात मंदावला, तर दार उघडू, की तुमचा राजीनामा मागू?”

साहेबांनी किल्ली काढून कपाट उघडलं.

तासाभरानंतरही इमारत न अडखळता फिरत होती. कावेरीने अर्धा लिहिलेला राजीनामा फाडला आणि पुढचा आराखडा उघडला.