राजशेगडीचे धुराडे

एका राज्यात हिवाळा लवकर येई आणि सावकाश जाई. डोंगरांच्या कुशीतले ते राज्य. तिथे सोन्यापेक्षा विस्तवाला मान. राजाचे नाव शैलकेतू. त्याच्या महालाच्या मधोमध बिडाची एक थोरली शेगडी होती. तिला पुढे लोखंडी दार, तळाशी हवा घेणारे तोंड, आणि वर छपराबाहेर गेलेले उंच धुराडे. हिवाळा लागला की राजाने गारगोटीने ही शेगडी पेटवायची, तिचा निखारा घरोघर जायचा, आणि मगच प्रजेच्या चुली पेटायच्या. दुसऱ्या कोणत्याही विस्तवाने त्या राज्यात लाकूड जळत नसे.

त्या वर्षी पानगळीत राणी वल्लरी वारली. राजाने शोक केला, आणि शोकात एक वर मागितला. मांत्रिकाला बोलावून तो म्हणाला, "राणीचा अखेरचा श्वास अजून या महालात आहे. तो बाहेर जाऊ देऊ नकोस."

मांत्रिकाने खिडक्यांच्या आणि दारांच्या फटीफटीत मंतरलेले मेण भरले. "माणसे येतील, जातील," तो म्हणाला. "वारा मात्र येणार नाही. ज्याने हे मागितले, त्याच्याच हाताने हे सुटेल."

राणीचा श्वास महालात राहिला. सकाळी तो आरशावर वाफ धरी, दुपारी राजकन्येच्या केसांशी खेळे. राजा त्याच्याशी दिवसभराचे बोले, आणि त्याला बरे वाटे.

पण शेगडी काही पेटेना. ठिणगी पडे, लाकूड धुमसे, आणि सगळा धूर वर जायचा तो दारातून परत खोलीत येई. राजकन्या मिहिका लहान होती. गारठ्याने आणि धुराने तिने अंथरूण धरले. वैद्य म्हणाला, "महाराज, बर्फ पडायच्या आत ही शेगडी नीट जळली पाहिजे. नाहीतर ही मुलगी वसंत पाहणार नाही."

इकडे प्रजा भिजवलेले पोहे खाऊन कंटाळली. तिकडे राजाने दवंडी पिटली. दूरदूरचे जादूगार आले. एकाने मंतरलेल्या भात्याने दिवसभर वारा घातला. धूर दुप्पट झाला आणि त्याची पांढरी दाढी काळी झाली. दुसऱ्याने शेगडीला हात न लावताच सगळा दोष शेजारच्या राजावर घातला, आणि जेवून निघून गेला.

शेवटी राणीची थोरली बहीण रेणुवती डोंगर ओलांडून आली. तिला सारे आक्का म्हणत. उंबरठ्यातच तिने नाकाला पदर लावला.

"राजे, हा महाल आहे की तोंड बांधलेले मडके?"

"आक्का, थट्टा नको. मिहिकेसाठी काही करता येईल का?"

"म्हणून तर आले."

मुलीच्या कपाळावर हात ठेवून ती शेगडीपाशी गेली, दार उघडून आत वाकली आणि वर पाहू लागली. तोच धुराड्यातून आवाज आला, "कोण ग ती? माझ्या घरट्याला हात लावशील तर डोळे फोडीन!"

धुराड्याच्या टोकाशी एक पाकोळी राहत असे. त्या राज्यातल्या पाकोळ्या बोलत, आणि जरा जास्तच बोलत.

"नाही लावत, बाई," आक्का म्हणाली. "एवढे सांग, या धुराड्याची ओढ कुठे गेली?"

"हे विचारणारी तू पहिलीच. बाकीचे आले ते मंत्र म्हणत आले. तीन कामे आहेत. पहिले हे, की रडकी लाकडे काढ आणि हसरी आण."

आक्काने सरपण पाहिले. राणी गेल्यावर घाईने तोडलेली ओली लाकडे होती ती. टोकांतून पाणी गाळत मुसमुसत होती. आक्का वनातल्या यक्षाकडे गेली. "दोन उन्हाळे वाळलेले लाकूड दे."

"ओळखशील कसे?" यक्षाने विचारले.

आक्काने ढिगातल्या ढलप्या दोन दोन घेऊन एकमेकींवर आपटल्या. ज्या भद्द वाजल्या त्या टाकल्या, ज्या टणटणीत वाजल्या त्या उचलल्या. यक्ष खूश झाला आणि पाठीवर मोळी घेऊन स्वतः महालापर्यंत आला.

त्या लाकडांनी शेगडी पेटवली, तेव्हा धूर कमी झाला. पण वर जाईना.

"दुसरे काम," पाकोळी म्हणाली. "माझ्या खालच्या मजल्यावर काजळी राहते. जुनी राक्षसीण आहे. गळा आवळून बसली आहे."

आक्का शिडी लावून छपरावर गेली. पाकोळीचे घरटे तिने तिच्या संमतीने, तिच्या शिव्या ऐकत, अलगद उचलून बाजूला ठेवले. मग लांब वेळूला काटेरी फांद्या बांधून तिने धुराडे वरपासून खालपर्यंत खरवडले. काजळी राक्षसीण ओरडत, तुकड्यातुकड्यांनी शेगडीत पडली. टोपल्या भरल्या. आक्काने ती परसात पुरली. "वसंतात इथे भोपळा लावा," ती दासींना म्हणाली.

पुन्हा शेगडी पेटवली. जाळ उठला, थोडा डोलला, आणि मावळला. धूर परत खोलीत आला. मिहिकेला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

"तिसरे काम?" आक्काने वर पाहून विचारले.

पाकोळी या वेळी हळू बोलली. "ते तुझे नाही, राजाचे आहे. धुराने वर जावे तर त्याच्या मागे कुणी आत यायला हवे. इथे कुणी आतच येत नाही."

राजाला कळले. तो म्हणाला, "खिडकी उघडली तर ती जाईल."

"हो, जाईल," आक्का म्हणाली.

"तुम्हांला काहीच वाटत नाही?"

"राजे, मी तिला कडेवर घेऊन फिरले आहे. तिचे पहिले पाऊल माझ्या बोटाला धरून पडले. मला काय वाटते ते मला विचारू नका."

बाहेर आभाळ बर्फाने भरून खाली आले होते. अंथरुणावरून मिहिका म्हणाली, "बाबा, आईलाही ठसका लागतो."

"काय म्हणालीस, बाळ?"

"रोज लागतो. ती माझ्या केसांत येते ना, तेव्हा."

राजा आरशापाशी गेला. राणीची वाफ काचेवर उमटली होती. पूर्वी ती दुधासारखी पांढरी असे. आता ती राखेसारखी काळपट होती, आणि थांबून थांबून उमटत होती. राजाने इतके दिवस तिच्याशी बोलताना हे पाहिले नव्हते.

तो खिडकीपाशी गेला. सुरी मागितली नाही. नखांनीच त्याने मेण ओरबाडले. नखे तुटली, मेण निघाले. मांत्रिकाचा मंत्र काडी मोडावी तसा मोडला. त्याने तावदान हातभर लोटले, आणि डोंगरावरचा गार वारा आत आला.

"आता घाई नको," आक्का म्हणाली. "धुराड्याच्या गळ्यात थंड हवा दडून बसली आहे. आधी तिला उठवू या." तिने मूठभर गवत पेटवून शेगडीच्या दारातून धुराड्याच्या मुखाशी धरले. गवताचा धूर घुटमळला, मग एकदम वर ओढला गेला. राजाने सुकी लाकडे रचून त्यांना ठिणगी दिली. शेगडी आतून घुमू लागली.

तेव्हा राणीचा श्वास निघाला. मिहिकेच्या केसांवरून गेला, आक्काच्या पदराला लागला, राजाच्या मानेपाशी जरा थांबला. राजाने हात पुढे केला नाही. तो एवढेच म्हणाला, "फार दिलेस, वल्लरी. फार सुखात ठेवलेस."

श्वास शेगडीच्या तळच्या तोंडातून आत शिरला. जाळ पिवळ्याचा शुभ्र झाला आणि सारा महाल उजळला. धुराड्यातून पातळ, निळसर धूर सरळ आभाळात गेला. "अगं बाई, किती ऊब ही!" पाकोळी वरून ओरडली. खाली मिहिका खोकायची थांबली, कुशीवर वळली, आणि तिला झोप लागली. वैद्याने नाडी धरली आणि तो मान हलवून हसला.

त्याच दुपारी लोक मडकी घेऊन निखारा न्यायला आले. दरवर्षी हे काम सेवक करीत. त्या वर्षी राजा स्वतः चिमटा घेऊन उभा राहिला. पहिली आली ती गावकुसाची कुंभारीण होनाबाई.

"महाराज, हा विस्तव नेहमीपेक्षा उजळ दिसतो."

"यात राणीचा श्वास आहे, होनाबाई. जपून न्या."

होनाबाईने मडके छातीशी धरले. "लेकीचे बाळंतपण आहे घरी. पहिली ऊब बाळाला देईन," ती म्हणाली. राजाने वाकून तिला नमस्कार केला. ती लाजून म्हणाली, "अहो महाराज, मागायला तर मी आले!" तरी मागे लांबवर उभ्या असलेल्या प्रत्येकापुढे राजा तसाच वाकत राहिला, कारण जे आपण एका घरात ठेवू पाहत होतो, ते ठेवायला या माणसांनी इतकी घरे दिली, असे त्याच्या मनात आले.

संध्याकाळी बर्फ पडू लागला, तेव्हा राज्यातल्या प्रत्येक छपरावर धूर सरळ उभा होता. मिहिकेने पुढचा वसंत पाहिला, आणि नंतरचेही पुष्कळ पाहिले. त्यांच्या घरी जशी हवा खेळती राहिली आणि विस्तव जागा राहिला, तसेच ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्याच्या घरीही होवो.