न उघडलेली पुडी

खूप जुनी गोष्ट आहे, आपल्या पणजीच्याही पणजीच्या वेळची. एका गावात पाणवठ्यावर बायका कुजबुजत होत्या, "वैद्यांची लेक म्हणे औषधपाणी सोडून बाजारात बसणार, आणि…" तेवढ्यात वैद्यबुवाच पाय धुवायला आले. पुढचं तसंच राहिलं.

खरं असं होतं. वैद्यबुवा तापाचं औषध फुकट देत. तरी मागच्या साली लेकीची जिवाभावाची मैत्रीण तापानं गेली. तिच्या उशाशी औषधाची पुडी तशीच बांधलेली सापडली. बुवा म्हणाले, लोक आळशी असतात. लेकीला काही ते पटेना. माणसं अशी का वागतात हे अर्थशास्त्रात शिकवतात, असं तिच्या कानावर आलं. मग ती राजाच्या धान्यकोठाराचा हिशोब ठेवणाऱ्या, त्या विद्येत मुरलेल्या एका म्हातारीकडे गेली. जाताना औषधांचा बटवा मुद्दाम घरी ठेवला.

"आजी, मला यातलं काही येत नाही. नुसती औषधं कळतात."

"मग बटवा कुठाय?"

"घरी."

"जा, घेऊन ये. आणि पुडी का उघडली नाही, ते घरोघरी विचार. रागावू नकोस, नुसतं ऐक."

ती बटवा घेऊन दारोदार फिरली. एका विणकरणीनं तिला चुलीपाशी बसवलं. ती सांगू लागली, पुडीतल्या औषधाचा काढा दिवसातून तीनदा उकळायचा. तेवढं सरपण आणायला डोंगर गाठायचा. तोवर माग बंद, म्हणजे पोरांची ताटं रिकामी.

"पुडी फुकट आहे गं बाई," विणकरीण म्हणाली, "चूल फुकट नाही."

मैत्रीण हे कधी बोलली नव्हती. लेकीनंही कधी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

म्हातारीनं सगळं ऐकून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एक गोष्ट घ्यायला माणसाला दुसरं काय सोडावं लागतं, ते आधी बघायचं. हा पहिला धडा. औषध कळत नसतं, तर तुला हा प्रश्नच पडला नसता."

पुढच्या तापाच्या दिवसांत लेकीनं बाजारात एकच मोठी चूल पेटवली, एकच हंडा चढवला. ज्याला हवा त्यानं तिन्ही वेळा वाटीभर काढा न्यावा. लाकडं फोडायला खुद्द वैद्यबुवा बसत, आणि आळशी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही. त्या साली गावात तापानं कुणी गेलं नाही.

पाणवठ्यावरची बातमी तेवढी अर्धीच खरी निघाली. लेक बाजारात बसली खरी, पण औषध काही सोडलं नाही.

तात्पर्य: नवी विद्या शिकायला निघताना जुनी घरी ठेवू नये, नव्या विद्येचा पहिला प्रश्न जुन्या विद्येतच सापडतो.