कुंपणातला चिखल

एका गावाच्या खालच्या अंगाला मोठी पाणथळ होती आणि तिच्या काठावर दोन भाऊ राहत होते. थोरला वाटाड्या होता. आठवड्यातून एकदा तो लोकांना सकाळी पाणथळीत नेई आणि दिवे लागायच्या आत परत आणी. लव्हाळा कुठे वाढतो, पाणकणीस कुठे, कोणत्या पानाखाली बेडकी अंडी घालते, हे तो सगळ्यांना वाकून वाकून दाखवी.

या सहलीची एक रीत होती. येणाऱ्याने पाण्यावर माजलेल्या जलपर्णीचा एक भारा ओढून काठावर टाकायचा, मग हवा तो एक प्रश्न विचारायचा. उत्तर येत नसेल तर थोरला थाप मारत नसे. कमरेला लव्हाळ्याची दोरी असे, तिला तो एक गाठ मारी. पुढे उत्तर सापडलं की विचारणाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर ती सोडी.

एकदा दिवाळीनंतर एका कोपऱ्यातली जलपर्णी पार निघाली. खालचा काळा चिखल उघडा पडला. थोरल्याने त्याला बांबूचं कुंपण घातलं.

"दादा, इथे काय लावायचं?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही."

"मग उगवणार काय?"

"मलाही माहीत नाही." थोरला हसला आणि त्याने दोरीला गाठ मारली. "जलपर्णीच्या आधी इथे काहीतरी असणारच. त्याचं बी चिखलात निजलं असेल. पुढचा पावसाळा सरेपर्यंत कोणी आत पाय टाकायचा नाही."

त्याच माघात थोरला तापाने गेला. चार दिवसांचं दुखणं.

धाकट्याने दोरी आपल्या कमरेला बांधली. तिला ती एकच गाठ उरली होती. लोकांना घेऊन चालताना त्याचा हात सारखा तिच्याकडे जाई. दादासारखं त्याला बोलता येत नव्हतं, पण वाटा पाठ होत्या. फक्त कुंपणाशी आलं की तो भराभर पुढे निघे.

एक दिवस गावातला तेली मोठ्याने म्हणाला, "चिखलाला कुंपण? अरे, आमच्या दारात तो फुकट पडलाय!"

सगळे हसले. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पुढच्या खेपेला या," तो म्हणाला. "इथे कमळं लावणार आहे."

आषाढात तो देवळाच्या तळ्यातून कमळाचे कंद टोपलीभर घेऊन आला. बघायला दहा माणसं आली. तेली तर सगळ्यांच्या पुढे. त्यांच्यात एक चटया विणणारी म्हातारीही होती. जन्मभर तिने लव्हाळा विणला होता, पण उभा लव्हाळा कधी पाहिला नव्हता. गुडघे दुखत असूनही तिने आपला भारा ओढला आणि धापा टाकत कुंपणाशी येऊन बसली.

धाकटा कुदळ घेऊन आत शिरला. बघता बघता अर्धा तुकडा खणून झाला.

"वाटाड्या, माझा प्रश्न राहिलाय," म्हातारी म्हणाली.

"नंतर, आजी."

"नंतर कशाला? तुझ्या उजव्या पायापुढे काय आहे?"

"चिखल."

"नीट बघ. म्हातारी मी आहे की तू?"

तो वाकला. न खणलेल्या चिखलातून सुईएवढी हिरवी टोकं वर आली होती. एक नाही, शेकडो. त्याने मागे वळून पाहिलं. खणलेल्या ढेकळांत तशीच टोकं उलटी होऊन मोडली होती.

"काय आहे रे ते?" म्हातारीने विचारलं.

'गवत' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. तेवढं म्हटलं असतं तर काम उरकलं असतं. पण त्याचा हात दोरीवर गेला आणि गाठ बोटांत आली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"मग कमळं?" तेली ओरडला. "आम्ही काय चिखल तुडवायला आलो?"

धाकटा कुंपणाबाहेर आला. "कंद तळ्यात परत जातील. इथे पाय टाकू नका, असं दादा सांगून गेला होता. पहिला पाय मीच टाकला."

तेली हसत घरी गेला. त्या दिवशी बाकीचेही लवकरच पांगले.

भाद्रपदात न खणलेल्या अर्ध्या तुकड्यात कमरेइतकी हिरवी पाती उभी राहिली. त्यांना लांब कुसळांच्या तांबूस लोंब्या आल्या. पाणकोंबडी पिलं घेऊन आत शिरली. धाकट्याने म्हातारीला बोलावून आणलं. तिने एक लोंबी तळहातावर चोळली आणि खालीच बसली.

"देवभात आहे हा! माझी आई ऋषिपंचमीला करायची. नांगर न लागलेलं धान्य लागतं ना त्या दिवशी. लग्न होऊन इकडे आल्यापासून डोळ्यांनी पाहिला नव्हता."

धाकटा खणलेल्या अर्ध्याकडे बघत राहिला. तिथे नुसता चिखल होता.

"आता गाठ सोड," म्हातारी म्हणाली.

"राहू दे, आजी. ही त्याच्या हातची आहे."

"गाठ त्याची, पण प्रश्न कोणाचा होता?"

"माझा."

"मग विचारणारा समोर आहे. सोड."

गाठ घट्ट बसली होती. सोडायला बराच वेळ लागला. सुटली तरी त्या जागी दोरी वाकडीच राहिली.

पुढच्या सहलीला तेली आला. त्याने मुकाट्याने जलपर्णीचा भारा ओढला आणि खणलेल्या अर्ध्याकडे बोट दाखवलं.

"आणि इथे काय उगवेल?"

धाकट्याने दोरी हातात घेतली. जिथे ती वाकडी झाली होती, तिथेच त्याने नवी गाठ मारली.

"मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "बघू."

तात्पर्य: गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम घाईने पुरं करायला गेलं, तर तेच पायाखाली येतं; ते राखून वाट पाहणं, हेही काम पुढे नेणंच आहे.