म्हैस उभी राहिली

“...आणि मुलं जागी असताना?”

“जागी असताना काय होणार, सर? एक मांडीवर, एक पाठीवर.”

मुलाणी सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला.

कराडातल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात तृप्ती शिंगटे बसली होती. धाकटा तिच्या खांद्यावर पेंगत होता. थोरली जुई अंगणात भिंतीपाशी उकिडवी बसून गोगलगाय बघत होती. तृप्तीच्या पुढ्यात कागदांचं बाड होतं. ते परत करायलाच ती आली होती.

पुण्यात एका प्रकाशनाकडे तिनं बरीच वर्षं संपादन केलं होतं. तृप्तीच्या हातून चूक सुटत नाही, असं तिथं सगळे म्हणायचे. ते तिलाही ठाऊक होतं. मग धाकटा झाला, नवऱ्याची बदली कराडला झाली आणि नोकरी सुटली. घरबसल्या काम मिळेल म्हणून तिनं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. कुणी म्हणालं, अधूनमधून ऑफिसात यावं लागेल. कुणी म्हणालं, आठवड्यात द्याल का? एकानं मुलं केवढी आहेत ते विचारलं, आणि मग बघू म्हणाला.

शेवटी ती मुलाणी सरांकडे आली. सरांचा सगळा जन्म दुसऱ्यांची पुस्तकं छापण्याजोगी करण्यात गेला होता. आता नजर साथ देईना, म्हणून येणारी कामं ते वाटून देत. गुरांचे डॉक्टर आवटे यांच्या आठवणींचं बाड त्यांनी तिला दिलं होतं. हे जमलं तर पुढचंही तुझ्याकडंच, म्हणाले होते.

जमलं नव्हतं. दिवाळीआधी पुस्तक छापायला जायचं होतं. पाऊस सरत आला, तरी बाड अर्धंही झालं नव्हतं.

“मला फक्त सलग वेळ हवा होता, सर. एक पान नीट करायला अख्खी दुपार जाते. मध्येच हा उठतो, ती काहीतरी सांडते. परत बसावं तर सगळं डोक्यातून गेलेलं. आणि अर्धवट काम मी करत नाही.”

शेवटचं वाक्य तिनं जरा मान ताठ करून म्हटलं.

“दाखव.”

तिनं मधलंच पान काढून दिलं. ओळींच्या वर, ओळींच्या खाली, समासात, सगळीकडे पेन्सिल फिरली होती. डॉक्टरांचं टंकलेलं अक्षर त्यात शोधावं लागत होतं.

“माणूस मोठा आहे,” ती म्हणाली, “पण लिहिता येत नाही त्यांना.”

सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. पेन्सिलीच्या रेघेखालचं एक वाक्य कष्टानं लावलं.

“‘म्हैस उभी राहिली आणि मी बसलो.’ ...हे का काढलंस?”

“अडलेली म्हैस आहे. रेडकू आडवं आलेलं. डॉक्टर सकाळपासून झटतायत. शेवटी ती सुटते. आता ‘मी बसलो’ म्हणजे काय? का बसले? कुठं बसले?”

“मग तू काय लिहिलंस?”

“‘अखेरीस म्हैस सुखरूप उभी राहिल्याचे पाहून मला हायसे वाटले व अतिश्रमाने मी मटकन खाली बसलो.’”

“शुद्ध आहे,” सर म्हणाले.

तिला बरं वाटलं.

“चूक नाही कुठं.”

“नाही, सर.”

“हं...”

तेवढ्यात अंगणातून रडण्याचा सूर आला. जुई उठायला गेली होती आणि बदकन खाली बसली होती.

“आई! माझ्या पायात सोडा झालाय!”

तृप्ती धाकट्याला तसंच खांद्यावर घेऊन अंगणात गेली. जुईसमोर टेकली, तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि चोळू लागली.

“गेला का सोडा?”

“थोडा थोडा आहे.”

तिनं आणखी चोळलं.

“आता?”

“आता पाणी झालं.”

जुई उठली आणि पुन्हा गोगलगायीकडे गेली. तृप्ती वर येऊन बसली.

“वाक्य चुकलं,” सर म्हणाले.

“कुठलं?”

“तुझ्या पोरीचं. पायात सोडा होत नाही. पायाला मुंग्या येतात.”

तृप्ती हसली. “सर, लहान आहे ती. आणि मला कळलं की.”

“दुरुस्त केलं नाहीस.”

“दुरुस्त कशाला करायचं? मुंग्या म्हणाली असती, तर तिचं ते...”

ती बोलता बोलता थांबली.

सर भिंतीकडे बघत बसले.

तृप्तीनं पान ओढून घेतलं. आधी तिला रागच आला. इतक्या वर्षांचं आपलं काम, आणि त्याला पोरीच्या बोलण्याशेजारी बसवतात? मग तिला आठवलं. बाड पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती, कुकरची शिट्टी व्हायची होती. त्या वाक्यापाशी ती एकटीच मोठ्यानं हसली होती. परत एकदा वाचलं होतं. आणि त्यानंतर पेन्सिल उचलली होती.

सरांनी बाडात खोचलेली तिची पेन्सिल काढून घेतली. मेजाच्या खणातून खोडरबर काढून तिच्यापुढं ठेवलं.

“सगळं खोडू?”

“मला विचारू नकोस. वाच.”

ती व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. धाकटा मांडीवर झोपला. गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं होतं, तिथली खूण तिनं राहू दिली. दावं कुणाच्या हातात होतं ते कळत नव्हतं, तिथलीही ठेवली. बाकीचं ती खोडत गेली. जुई मधे मधे येऊन काहीबाही विचारत होती. ती उत्तर देई, आणि सोडलेल्या ओळीवर परत येई. ओळ तिथंच असायची.

सर नमाज पढून बाहेर आले, तेव्हा ती पुढच्या प्रकरणात होती. धाकटा जागा होऊन तिच्या पदराशी खेळत होता. त्याच्या जावळात खोडरबराचा चुरा पडला होता.

बाड तिनं घरी नेलं. पुस्तक दिवाळीआधी छापायला गेलं.

पुस्तक हाती आल्यावर ती सरांकडे आली. तोंड उतरलेलं होतं.

“सर, डॉक्टर आवटे सगळ्यांना सांगत सुटलेत. म्हणे, माझं पुस्तक जसंच्या तसं छापलं, कुणी हातसुद्धा लावला नाही.”

सरांनी शेजारचं नवं बाड उचललं आणि तिच्या हातात दिलं.

ते घेऊन ती उभीच राहिली.

“म्हणजे मी जे केलं... ते कुणाला दिसायचंच नाही?”

“दिसलं,” सर म्हणाले, “तर हे बाड परत घेऊन ये.”