चांदीची सळई

पूर्वी तगर नगरात राजा पूर्णभद्र राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व अंजन विकणाऱ्या एका घराण्यात जन्मला होता. त्याचे नाव भद्रिल. दुकान लहान, पण मान मोठा. कारण तिथे आजोबांची चांदीची सळई होती. गिऱ्हाईक आले की आधी त्या सळईने त्याच्या डोळ्यांत अंजनाची रेघ ओढायची, मगच डबी हातात द्यायची, असा घरचा रिवाज. एका आंधळ्या घोड्यालाही तिने दिसू लागले, असे आजोबा सांगत. घोड्याला कुणी विचारले नाही, म्हणून ती गोष्ट टिकली.

एका चैत्रात नगरात डोळे येण्याची साथ आली. लाल डोळे, चिकटलेल्या पापण्या, सतत पाणी. दुकानापुढे रांग लागली. भद्रिल रेघ ओढी, सळई खांद्यावरच्या पंच्याला पुशी आणि पुढच्याला 'या' म्हणे. डब्या भरता भरता त्याचा मेव्हणा नंदिक घामाघूम झाला, पण खुशीत होता.

त्या रांगेत मणी वेधणारी रेवामावशी होती. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. बाहुली कवडीसारखी पांढरी. उजव्या एका डोळ्यावर ती तांबड्या दगडाच्या मण्यांना भोके पाडी आणि पोट भरी. तिचे डोळे आले नव्हते; मोतीबिंदू अंजनाने उतरेल, एवढीच आशा. भद्रिलने रिवाजाप्रमाणे दोन्ही डोळ्यांत रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी ती भिंत चाचपत आली. चांगला डोळा सुजून मिटला होता.

"शेटजी, आणखी एक रेघ ओढा," ती म्हणाली. "हा गेला तर मी मणी कशाने वेधू?"

सळई उचलता उचलता भद्रिलचा हात थांबला. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा विसरत नाही. त्या दिवशी मावशीच्या पुढे कोण होते, ते त्याला आठवले: पू वाहणाऱ्या डोळ्यांचा एक कुंभार. मग एकेक चेहरा आठवू लागला. निरोगी आलेले, केवळ शुभ म्हणून रेघ ओढून घेतलेले, आणि तिसऱ्या दिवशी लाल डोळे घेऊन परतलेले. नदीपलीकडच्या वस्तीला डब्या गाडीने जात. सळई जात नसे. तिथे एकाचेही डोळे आले नव्हते.

त्याने हे नंदिकला सांगितले. नंदिक जवळ सरकून हळूच म्हणाला, "दाजी, असा हंगाम पुन्हा यायचा नाही. तोंड मिटून बसा."

"तोंड मिटेन रे. पण मिटलाय तो मावशीचा डोळा, आणि मिटवलाय मी."

भद्रिल ओट्यावर उभा राहिला आणि हा रोग आपल्याच हातून पसरला, असे त्याने रांगेला सांगितले. लाल डोळ्यात अंजन घालू नका. उकळून निववलेल्या पाण्याने पापण्या पुसा, ज्याचे फडके त्यालाच ठेवा, हात धुवा, डोळे चोळू नका. ठणका वाढला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी वैद्य गाठा. आणि पांढरी बाहुली कुठल्याही अंजनाने निवळत नाही; माझ्याही नाही. ते काम शस्त्रवैद्याचे.

लोक चिडले. एकाने आजोबांचे नाव बुडवल्याचे सुनावले. दुसरा म्हणाला, भाव वाढवायची ही नवी युक्ती दिसते. रांग उठून शेजारच्या दुकानी गेली, आणि त्या शेजाऱ्याने संध्याकाळच्या आत चांदीची सळई घडवून घेतली.

भद्रिलने आपली सळई सोनाराकडे नेली आणि वितळवून तिची पळी करून घेतली. दुकानाच्या दारात रांजण ठेवला, त्यात ती पळी. येईल त्याच्या हातावर तो पाणी घाली. येणारे थोडे. रोज दोन वेळा तो मावशीकडे जाई, वैद्याने सांगितले तसे पापण्या पुसून देई.

"दाजी, आता पाण्याचं दुकान," नंदिक म्हणे, "तेही फुकट."

भद्रिल हसे आणि रांजण भरी. मागे वळायचे नाही, एवढे त्याने ठरवले होते.

बाराव्या दिवशी रेवामावशी भिंतीला हात न लावता आली. ओट्यावर बसून तिने कनवटीचा एक मणी काढला, दोरा घेतला आणि पहिल्याच खेपेला ओवला. शेजारच्या रांगेतले लोक पाहत राहिले. त्यांचे डोळे अजून लालच होते. एकजण निघून रांजणापाशी आला, मग दुसरा. पळी नंदिकने उचलली. तो त्यांच्या हातांवर पाणी घालू लागला.

पुढे डाव्या डोळ्यासाठी भद्रिलने मावशीला स्वतःच्या गाडीतून शस्त्रवैद्याकडे नेले.

ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा नंदिक म्हणजे आज विहाराचे औषधभांडार सांभाळणारा भिक्षू, प्रत्येकाला वेगळे फडके देण्याचा त्याचा हट्ट तिथला आहे. रेवा म्हणजे चीवरे शिवणारी ती वृद्ध भिक्षुणी, जी अजून आपली सुई आपणच ओवते. आणि सळई वितळवणारा भद्रिल मीच होतो."

आपली चूक दिसल्यावर ती चारचौघांत सांगणे आणि केलेला निश्चय रिकाम्या दुकानातही न सोडणे, हीच अधिष्ठान पारमिता.