हाडांचे खडे

"म्हणजे हे दगड माझ्याच हाडांचे?" रेवणबुवांनी विचारलं.

"हो, बुवा," रोहिदास म्हणाला. "गळ्यात, थायरॉइडच्या मागं, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात. सगळ्यांनाच असतात. तुमची एक फुगलीय. नको तेवढं काम करतीय. हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडतीय. त्याचेच किडनीत खडे होतायत."

बुवा हसले. "आणि मी बिचाऱ्या विहिरीच्या पाण्याला बोल लावत होतो."

रोहिदासला हसू आलं नाही. खडे पडावेत म्हणून कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं, सगळं त्यानंच बुवांना दिलं होतं. कॉलेज अर्धवट सोडून तो या डोंगरावरच्या मठात आला होता. घरात बाप मार्कांखेरीज एक शब्द बोलत नव्हता, म्हणून बुवांच्या कीर्तनाला चिकटून राहिला होता. परवा नुसता हात टेकून उठताना बुवांचं मनगट मोडलं, तेव्हा कुठं मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं गेलं.

"ती गाठ काढायची. ऑपरेशन छोटं आहे."

दाराशी आबासाहेब शिंगटे बसले होते, मठाचे विश्वस्त. वयामुळं सगळे त्यांचं ऐकत. वयाखेरीज ऐकण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतं.

"गळ्यावर सुरी?" ते म्हणाले. "आणि आवाज गेला म्हणजे?"

"क्वचित कुणाचा बसतो. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"क्वचित म्हणजे बसतोच की. पोरा, बुवांचा आवाज आहे म्हणून मठ आहे. खडा झाला की मशीननं फोडून आणू. आजवर आणलाच ना?"

"खडे फोडाल. हाडं कुठनं आणाल?"

"कॉलेजातनं पळालेला आता आम्हाला डॉक्टरकी शिकवणार."

"पळालो, आबासाहेब. पण दुसऱ्याच्या हाडांवर मठ नाही चालवला."

आबासाहेब उठले. उपरणं झटकलं. अंगणात बाकीची वडीलधारी मंडळी चहा पीत होती, त्यांच्यात जाऊन बसले.

खोलीत दोघंच उरले.

बुवांनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला.

"आवाज गेला, तर तू काय करशील रे?"

"माझं कसलं घेऊन बसलाय? तुमची सगळी कीर्तनं मोबाइलमध्ये आहेत माझ्या."

बुवांनी त्याच्याकडं बघितलं.

"लाव एखादं."

रोहिदासनं लावलं. मागच्या उत्सवातलं. आवाज चढला तसे त्यानं सवयीनं डोळे मिटले.

अंगणातलं बोलणं थांबलं. कपबशा खाली ठेवल्या गेल्या. एकेक जण आत येऊन बसला. आबासाहेब सगळ्यांच्या पुढं, मोबाइलकडं तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून. माना डोलू लागल्या. कीर्तनातल्या बुवांनी सुनेची आणि सासूची काहीतरी गंमत सांगितली. मोबाइलमधली माणसं हसली, खोलीतलीही हसली.

हसता हसता रोहिदासनं डोळे उघडले.

बुवा भिंतीकडं तोंड करून पडले होते. गुडघे पोटाशी, चांगल्या हाताची मूठ कमरेत रुतवलेली. बंडी घामानं पाठीला चिकटलेली. कळ कधी उठली होती कुणाला ठाऊक. एवढ्या माणसांत कुणी बघितलं नव्हतं.

त्यानंही नाही.

तो मोबाइल बंद करायला वाकला. बुवांनी त्याचा हात धरला.

"असू दे. ऐकतायत."

"बुवा... मी..."

कळ ओसरायला वेळ लागला. मोबाइलमधले बुवा गात राहिले. मग खरे बुवा भिंतीला धरून उठले. प्लास्टरमधला हात छातीशी घेऊन, बसलेल्यांच्या कडेकडेनं दारापर्यंत गेले आणि पायानं वहाणा चाचपू लागले.

आबासाहेबांनी, मधे सावली पडली म्हणून, मान थोडी बाजूला घेतली. डोळे उघडले नाहीत.

रोहिदास मागोमाग आला. त्याचा हात खिशाकडं गेला, खिसा रिकामा होता. तो आत, मोबाइल आणायला वळला.

"चल, दवाखान्यात जाऊ," बुवा म्हणाले. "गाठ काढून टाकू. मोबाइल इथंच राहू दे."