पाळकीणबाईंचं विरजण

फार वर्षांमागे, डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात एक पाळक होते. मोठे श्रद्धाळू आणि तेवढेच कष्टाळू. घंटा तेच वाजवायचे, भजन तेच उचलायचे, वचन तेच वाचायचे, आजाऱ्याच्या उशाशीही तेच बसायचे. मंडळीला एकच शब्द पाठ होता, तो म्हणजे आमेन. तेवढा मात्र सगळे खणखणीत म्हणत.

डोंगरमाथ्यावर बारा घरांची एक वाडी होती. गावातली उपासना आटोपून पाळक तिथंही चढून जायचे. पण त्या वर्षी त्यांचे गुडघे सुजले आणि वाडीच्या प्रार्थनाघराला कडी लागली ती लागलीच. शेवटी वाडीकरांचा निरोप आला, की पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारीही कोणी आलं नाही, तर प्रार्थनाघरात आता कडबा भरू.

पाळक अंथरुणावर तळमळू लागले. पाळकीणबाई पाय शेकत गप्प बसत. त्या सणाआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत नवऱ्याला उलट बोलायचं नाही, असं त्यांनी प्रभूपुढे कबूल केलं होतं.

या सेवेत एक दिवस त्यांचं विरजण नासलं. त्यांनी मंडळीतल्याच, बांगड्या विकणाऱ्या द्रौपदाबाईकडून वाटीभर दही मागवलं. ते कवडी दही चाखून पाळक म्हणाले, "हे तर अगदी आपल्या घरचं."

"आपलंच आहे. तिला विरजण मीच दिलं होतं," बाई म्हणाल्या. मग मनातल्या मनात प्रभूची माफी मागून त्यांनी बोलून टाकलं, "अहो, मी गावभर विरजण दिलं, पण कोणाच्या घरी जाऊन दही लावत बसले नाही. तुम्ही मात्र इतकी वर्षं घरोघरी जाऊन दहीच लावत आलात."

पाळकांनी वाटी खाली ठेवली आणि मंडळीतली माणसं बोटांवर मोजली. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्राएल सुताराला आणि द्रौपदाबाईला बोलावून घेतलं.

महिनाभर ओसरीवर दोघांची शिकवणी चालली. सणाला वाडीवर द्रौपदाबाईनं जायचं ठरलं. इस्राएल वचन वाचताना अडखळे आणि पाळक अधीर होऊन त्याचं वाक्य पुरं करून टाकत. मग आतून भांडं वाजे. पाळकीणबाईंनी उलट बोलायचं सोडलं होतं, भांडी वाजवायचं नाही.

शनिवारी दुपारी इस्राएल चार गडी आणि नवी कोरी डोली घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "साहेब, उद्या तुम्हाला उचलून वाडीवर नेतो. मोठा सण आहे. द्रौपदाबाईला अक्षराची ओळख नाही, ती काय उपासना घेणार?"

"वाचता येत नाही, पण ऐकलेलं विसरत नाही," द्रौपदाबाई म्हणाली. "तुझ्या लग्नात तू काय काय बोलला होतास, ते सांगू का?"

गडी हसले. पाळकांचा हात मात्र डोलीच्या दांड्यावर होता. डोळ्यांत वाडी होती, माणसं होती. आत पाळकीणबाईंनी हातातलं भांडं अलगद खाली ठेवलं. या वेळी भांडंही वाजवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पाळकांनी हात मागे घेतला. कोपऱ्यातली आपली काठी उचलून द्रौपदाबाईपुढे धरली.

"चढ मोठा आहे, बाई. आजच निघा. आणि इस्राएल, उद्या इथली उपासना तू घ्यायचीस."

रविवारी उजाडताना गावची मंडळी जमली. इस्राएल दोनदा अडखळला, पण पाळकांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तिसऱ्यांदा तो अडखळला नाही. "प्रभू उठला आहे," त्याचा आवाज भिंतींवर घुमला.

तेवढ्यात डोंगरावरून टण् टण् आवाज आला. वाडीवर घंटेऐवजी टांगलेला, कित्येक महिने मुका असलेला रुळाचा तुकडा वाजत होता. पाठोपाठ वाऱ्यावर गाणं आलं. उचललं होतं एका बाईनं, पण म्हणत होती अख्खी वाडी.

पाळक सतरंजीवर, सगळ्यांच्या मागे बसले होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. एकाच पहाटे दोन ठिकाणी उपासना चालली होती, आणि त्यांना बोलायला एकच शब्द उरला होता.

"आमेन," ते खणखणीत म्हणाले.

पाळकीणबाईंचा उपवास त्या दिवशी दहीभातानं सुटला. पुढच्या सणापर्यंत त्यांच्या ओसरीवर शिकायला अकरा जण बसू लागले. वाडीतलेच त्यांत चार होते.

तात्पर्य: सगळी सेवा एकट्यानं ओढणारा पुढारी थकला की काम थांबतं. दुसऱ्यांना सेवेसाठी तयार करणाऱ्याचं काम तो बसला तरी चालत राहतं.